तिसरा रकाना

सरांबद्दल खात्रीनं काही सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. नगरजवळ नागापूरला शेठजींचा औषधाच्या गोळ्या करणारा एक छोटा कारखाना होता, तिथल्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली मी एकटा होतो, एवढं छातीठोक सांगतो. पुढचं सगळं जरा धूसर आहे. सर पुण्यात एम.एस्सी.ला पहिले आले होते, असं पॅकिंगमधले लोक सांगत. नापास झाले होते, असं ऑफिसातले सांगत. मी एकदा चहाच्या वेळी धीर करून त्यांनाच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही झालं." मग लग्न झालंय का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी पुणतांब्याचा. घरी ऊस, आणि घराण्यात पहिला बी.एस्सी. मी. पदार्थ तीन अवस्थांत असतात, घन, द्रव आणि वायू, हे मी परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहून आलो होतो आणि त्यावर जगाचं बरं चाललंय अशी माझी समजूत होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "तूप घन की द्रव?"

"घन."

"कितीवर?"

मला प्रश्नच कळला नाही. किती तापमानाला, असं त्यांना म्हणायचं असे. पण तापमान हा शब्द ते उच्चारतच नसत. जगात मोजण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे असं त्यांचं मत असावं. मी म्हणालो, "शेठजी आज चिडलेत," तरी ते मान वर न करता विचारत, "कितीवर?" सुरुवातीला मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. मग वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे. नंतर नंतर मीच शेठजींकडे बघून मनात आकडा लावू लागलो, तेव्हा मात्र माझी मलाच काळजी वाटली.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी थर्मामीटर असे, पुठ्ठ्याच्या नळीत घातलेला. कँटीनचा चहा आला की तो कपात बुडवायचा, आणि पारा अठ्ठावन्नवर उतरला की मग पहिला घोट. चहावाला रोज म्हणायचा, "सायेब, ताप हाय का वो च्याला?" आणि सर रोज त्याला खरा आकडा सांगायचे. वहीत ते तारीख लिहीत नसत. पानाच्या डोक्यावर नुसतं 'एकोणतीस' किंवा 'साडेसतरा'. मी म्हटलं, "सर, तारीख नको का?" तर म्हणाले, "बारा तारखेला बाटली लाल होती, यावरून तुला काय कळलं? एकतीसवर लाल होती म्हटलं तर काहीतरी कळलं." ते बोलत असेपर्यंत मला पटलेलं असे. खोलीवर परतताना सायकलवर पटेनासं होई. मी त्यांच्या पाठीमागे पेन्सिलीनं तारखा घालून ठेवत असे.

ही बाटली म्हणजेच त्यांचं खरं वेड. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं गोळ्यांवर पातळ मुलामा द्यायला एका पांढऱ्या भुकटीचा डबा नमुना म्हणून पाठवला होता. नाव लांबलचक, हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज. लाकडात, कापसात, उसाच्या चोयट्यात जो मूळ धागा असतो त्यालाच रसायनांची शेपटं जोडून तो पाण्यात विरघळेल असा केलेला. शेठजींनी 'नको' कळवलं आणि डबा सरांकडे राहिला. गोळ्यांसाठी ती भुकटी पाण्यात अगदी थोडी घालायची असते. सरांनी ती पाण्याच्या दुप्पट घातली. का, ते विचारल्यावर म्हणाले, "थोडी घातली तर काय होतं ते डब्यावरच लिहिलंय."

पंधरा दिवस त्या बाटलीत नुसता चिकट लगदा होता. मग एका सकाळी मी खिडकी उघडली आणि बाटली हिरवी दिसली. भुकटी पांढरी, पाणी बिनरंगी, आणि हे हिरवं! मी आधी स्वतःचे हात पाहिले, कुठला रंग लागलाय का म्हणून. बाटली तिरपी बघितली तर निळी. दुपारी उन्हं तापल्यावर लाल. मग रंगच गेला. संध्याकाळी पुन्हा लाल, दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि तरी मी घरी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगताना ते कसं ऐकू येईल याचा मला अंदाज होता.

स्टोअर सांभाळणारे नाना होते. त्यांच्या रजिस्टरात दोनच रकाने, एक द्रवांचा आणि एक घनांचा. ते येऊन बाटली आडवी करत, आत काही हलत नसे. दुसऱ्या दिवशी ती आडवी राहिलेली असे आणि माल सगळा एका बाजूला वाहून आलेला असे.

"सर, ह्ये पातळ हाय का घट्ट हाय, येकदा काय ते सांगा. मला ल्ह्यायचं हाय."

"पाण्यासारखं वाहतं आणि खडीसाखरेच्या खड्यासारखं रचलेलं असतं."

"आवो, पर लिहू कुटं?"

सरांनी पट्टी घेऊन त्यांच्या रजिस्टरात तिसरा रकाना आखला. वर काहीच लिहिलं नाही. नाना रजिस्टर छातीशी धरून सरळ शेठजींकडे गेले.

मला सरांनी ते एकदाच नीट समजावून सांगितलं, तेही मी ऊसवाला म्हणून. "गाडीत चार ऊस टाकले तर कसे पडतात?"

"कसेही."

"आणि गाडी गच्च भरायची असली की?"

"एका अंगाला लावावे लागतात."

"इथं लावणारं कुणी नाही. दाटी झाली की धागे आपले आपण एका अंगाला लागतात. आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा फिरलेला असतो. त्या फिरण्यातून रंग येतो. ऊब मिळाली की तो पीळ सैल होतो, म्हणून हिरव्याचा लाल. फार तापलं की हे धागे पाण्याला सोडून एकमेकांना चिकटतात आणि सगळं पांढरं होतं. साखर तापवली की पाण्यात विरघळते. हे तापवलं की पाण्यातून निघून जातं."

उसाचं मला कळलं. थर फिरण्याचं अर्धं कळलं. पाण्यातून निघून जाण्याचं अजिबात कळलं नाही, पण मी मान हलवली. पुढं पुष्कळ वर्षांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं, की परदेशात सेल्युलोजच्या अशाच दाट द्रावणांत असेच रंग दिसले आणि त्यावर आता मोठमोठे लोक काम करतात. मी ते पान तीनदा वाचलं. त्यात सरांचं नाव असण्याचं काही कारण नव्हतं, तरी मी शोधलं.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. कारखान्यात टँकर दोन दिवसांआड येई. शेठजींनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि सरांना म्हणाले, "तुमच्या ह्या बाटल्या धुवायला पाणी लागतं, जागा लागते, वेळ जातो. कुणी जाणकारानं बघून चार ओळी लिहून दिल्या तर राहू द्या कोपरा. नाहीतर तुम्ही पॅकिंग बघा." सर बाहेर गेल्यावर मला थांबवून घेतलं. "तसं झालं तर त्या खुर्चीवर तू. कायम करून टाकू." सरांना सांगावं की सांगू नये, याचा निकाल मला लावता आला नाही, म्हणून सांगितलं नाही.

सरांनी पुण्यातल्या एका प्रोफेसरांना पत्र घातलं. उत्तराचं पोस्टकार्ड आलं. ते सहकुटुंब शिर्डीला जाणार होते. परतीची बस नगरच्या स्टँडवर दुपारी थोडा वेळ थांबते, तिथं वस्तू आणून दाखवलीत तर अवश्य पाहीन. सरांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाले, "दुपारी! मे महिन्यात!"

तोड त्यांनीच काढली. आदल्या दिवशी लहानसा माठ भरून ठेवला, बूच घट्ट बसवून बाटली त्या पाण्यात सोडली आणि वर थर्मामीटर. सकाळी पाणी सत्तावीसवर होतं आणि बाटली अशी हिरवी, की नानासुद्धा दारातून बघून गेले. साडेदहाला आम्ही निघालो. मी सायकल मारतोय, मागं कॅरिअरवर सर, त्यांच्या मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला माठ. ते दर फर्लांगाला आकडा सांगत होते. अठ्ठावीस. अठ्ठावीस. साडेअठ्ठावीस. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, आणि ओळखीचं कुणी भेटू नये एवढीच माझी त्या वेळची प्रार्थना होती.

वाटेत दुष्काळी काम चाललं होतं. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, आणि डोक्यावर पदर ओढून बायका खडी फोडत बसलेल्या. माठ बघितल्याबरोबर त्यांच्यातली एक म्हातारी उठून आडवी आली.

"ओ दादा, पानी हाय का त्यात?"

मी पटकन म्हणालो, "नाही हो, औषध आहे कारखान्याचं."

"पाणी आहे," मागून सर म्हणाले. "एकोणतीसवर."

ते कॅरिअरवरून उतरलेसुद्धा. म्हातारी म्हणाली, "सकाळधरनं टँकरच आला न्हाई बगा. वाट बगून बगून डोळं शिनलं. ह्या पोरीला तर चक्कर यायलीया." सरांनी बाटली काढून माझ्या हातात दिली आणि माठ कलता केला. मी हळूच म्हणालो, "सर, निम्मं तरी ठेवा." ते म्हणाले, "निम्मं दिलं तर निम्म्यांनाच मिळेल." नऊदहा बायका होत्या. एकेकीनं ओंजळ धरली. शेवटचं पाणी सरांनी टॉवेलावर ओतलं, तेही फार नव्हतं.

म्हातारीनं ओला हात तोंडावरून फिरवला आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. "आगं बया! ह्ये काय हाय वो? मोराच्या गळ्यावानी हाय की!" बाकीच्या उठून आल्या. एक म्हणाली हिरवं हाय, एक म्हणाली जांभळं. सरांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी बाटली माझ्याकडून घेऊन त्या बायकांना चहूबाजूंनी फिरवून दाखवली. मी मात्र घड्याळ बघत होतो.

माठ तिथंच देऊन टाकला आणि आम्ही पुन्हा निघालो. ऊन असं, की टॉवेल पाचच मिनिटांत कडक झाला. आता सर आकडे सांगत नव्हते. बोलेगावचा फाटा मागं पडला तेव्हा मी मागं वळून पाहिलं. बाटली लाल होती. गावात शिरलो तेव्हा काही रंग नव्हता. स्टँडवर पोचलो तेव्हा तिच्यात ताक भरल्यासारखं दिसत होतं.

प्रोफेसर भले गृहस्थ होते, हेही सांगितलं पाहिजे. कपाळाला उदी, हातात प्रसादाची पिशवी. बसमधून उतरून सावलीला आले, खिशातून भिंग काढलं, बाटली उजेडाकडे धरली. "हे गढूळ झालंय हो. भुकटी नीट विरघळलेली दिसत नाही."

"तापल्यामुळे झालंय. सावलीत ठेवलं की परत येईल. आत्ता तासाभरापूर्वी हिरवी होती."

"किती वेळ लागेल?"

"तीन तास. चारसुद्धा."

"बस दहा मिनिटांत सुटेल," ते खरोखर वाईट वाटून म्हणाले. मग त्यांनी वहीतले आकडे चाळले. "तुम्ही हे सगळं डोळ्यांनी ठरवलंय. निदान पाहणारे दोघं तरी हवेत." आणि ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलेत हे रंग?"

आता इथं मी काय केलं ते सांगतो, का केलं ते मला नीट सांगता येत नाही. त्या क्षणी मला खुर्ची आठवली का? आठवली असेल. पण असंही झालं, की समोर ती पांढरी बाटली होती आणि तिच्याकडे बघताना सकाळचा हिरवा मला आठवेचना. जे सकाळी हिरवं, तिरपं निळं, दुपारी लाल आणि आत्ता पांढरं, ते मी 'पाहिलं' म्हणजे नक्की काय पाहिलं? सर माझ्याकडे बघत नव्हते, बसच्या पाटीकडे बघत होते.

मी म्हणालो, "तसं वाटलं खरं."

प्रोफेसरांनी मान डोलावली. "वाटतं, उजेडामुळे वाटतं कधीकधी." वही मिटून त्यांनी सरांच्या हातात दिली, आम्हा दोघांना एकेक पेढा दिला आणि ते बसमध्ये जाऊन बसले. खडी फोडणाऱ्या बाईनंसुद्धा पाहिलं, एवढं मी बसच्या खिडकीशी जाऊन ओरडून सांगू शकलो असतो. बस चांगली पाच मिनिटं उभी होती. मी पेढा हातात धरून उभा राहिलो.

परतताना सर चालत आले आणि मी सायकल हातात धरून. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात ते पॅकिंगला गेले आणि माझ्या हातात कायम झाल्याचा कागद आला. शेठजी म्हणाले, "तो कोपरा रिकामा कर." मी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो. फळीवर बाटली हिरवीगार होती. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि तिच्याकडे किती वेळ बघत राहिलो, सांगता येणार नाही. सरांना हाक मारावी, शेठजींना खेचून आणावं, असं सगळं मनात आलं. मग मी बूच काढलं आणि चिकट आहे म्हणून बंबातलं कढत पाणी आत ओतलं.

आतला माल दह्यासारखा पांढरा होऊन गोळा झाला. ब्रश घातला तर त्यालाच चिकटला. आणखी कढत पाणी ओतलं, आणखी घट्ट झाला. मी घामाघूम. दार वाजलं आणि सर आत आले, त्यांचा टॉवेल राहिला होता तो न्यायला.

त्यांनी बाटली बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"कढत नको. कढत पाण्यात ते कधीच सुटणार नाही. गार घे."

मग त्यांनीच तांब्याभर गार पाणी घेतलं, बाह्या वर केल्या आणि बाटली माझ्या हातून काढून घेतली. थोडं थोडं पाणी घालून ते ती हलवत राहिले. गोळा हळूहळू नितळ होत गेला आणि एकेक धार करून मोरीत जाऊ लागला.

"सर," मी म्हणालो, "मी पाहिले होते. हिरवा, निळा, लाल. सगळे पाहिले होते, अगदी स्पष्ट."

"मला माहीत आहे," ते हात न थांबवता म्हणाले. "माझ्या शेजारी उभा राहूनच तर बघायचास. हे मला नाही, स्टँडवर सांगायचं होतंस."

आवाजात राग नव्हता. त्यांनी शेवटचं पाणी काढून टाकलं, बाटली खिडकीच्या उजेडात धरून फिरवून बघितली, आत काही उरलं नाही याची खात्री करून घेतली आणि ती माझ्या हातात दिली. आठची घंटा झाली होती, ते पॅकिंगकडे गेले.